शेंदराचा डबा

८ जानेवारी १८८८

आज पुन्हा तेच. परसाकडे जाऊन आलो, हातपाय धुतले, आणि ओटीवर टेकतो न टेकतो तोच बेंबीभोवती कळ सुरू झाली. जाण्यापूर्वी काही नसते, गेल्यावरच होते. ज्याने माणसाला मोकळे वाटायचे त्यानेच मला पाय पोटाशी घेऊन पडून राहावे लागते. कुटुंबाने तळहातावर ओवा आणि मीठ आणून दिले. मीठ पाहूनच मला मळमळले. दिवसभर दुसरे पाहतो काय?

दिवा गावच्या खाडीवरच्या मिठाच्या चौकीत बदली होऊन मला अजून महिना झाला नाही. आगरातून आलेले मीठ तागडीवर घालायचे, वजन लिहायचे, शिक्का मारायचा, एवढेच काम. माझे अक्षर मोत्यासारखे म्हणून मला इकडे पाठवले, असे साहेब म्हणाला. अक्षर वाईट असते तर कल्याणातच सुखाने राहिलो असतो.

माझे वडील पोटशूळाने गेले. तेव्हा ते माझ्याच वयाचे होते. त्यांना सुरुवात अशीच झाली होती का, हे विचारायला आता आई नाही. मला भीती वाटते. लिहून काढले की ती कमी होईल म्हणून ही वही घातली, पण कागदावर पाहिल्यावर ती जास्तच खरी वाटू लागली.

१२ जानेवारी

कल्याणास जाऊन वैद्यबुवांना भेटलो. नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि त्यांनी विचारले, "वेग आला की लगेच जाता, की थांबता?"

खरे सांगायचे तर थांबतो. घराला शौचकूप नाही. खाडीकाठी तिवरांच्या आड जावे लागते, आणि उजाडल्यापासून तिथे आगरावरची बायामाणसे टोपल्या घेऊन हिंडत असतात. सरकारी कारकुनाने हातात तांब्या घेऊन त्यांच्यासमोरून जावे तरी कसे? धाकू मुकादम तर लांबूनच मोठ्याने रामराम घालतो. म्हणून माणसे पांगेपर्यंत मी दम धरतो. विहीर मचूळ, म्हणून पाणीही घोटभरच पितो.

"वेग अडवू नका," वैद्यबुवा म्हणाले. "कोमट पाणी प्या, निजताना बाळहिरडा घ्या, अधूनमधून एरंडेल. मळाचा खडा झाला की जाताना त्रास होतो आणि नंतरही आतडे आवळून धरते. भिण्यासारखे काही नाही."

मला रागच आला. ज्या दुखण्याने माझा बाप मेला, त्याला हा माणूस एरंडेल देतो! पुडी घेतली आणि उठलो. घ्यायला मात्र लागलो आहे.

१४ जानेवारी

आज भयंकर गोष्ट झाली. चौकीपुढच्या बांधावर मारुती आहे, आगरी लोकांचा. सकाळी त्याच्या अंगावरचे शेंदराचे कवच गळून पडले. जखमेची खपली निघावी तसे छातीपासून पायापर्यंतचे सबंध पुटच खाली आले, आणि आतला काळा दगड उघडा पडला. आगरावरचे काम सोडून सगळी माणसे गोळा झाली.

"देवानं कवच टाकलान," धाकू म्हणाला. "मना काय बरा वाटत नाय हा, रावसाहेब."

इथला गुरव गणू आषाढात वारला. तेव्हापासून देवाला शेंदूर नाही. त्याची विधवा सखुबाई अंगण झाडते, पण बायकांनी मारुतीला शिवायचे नसते, म्हणून पुढचे अडले. माझे दुखणे सुरू व्हावे आणि त्याच महिन्यात देवाने अंगावरचे टाकावे, हे उगीच कसे होईल?

मी सगळ्यांदेखत हात जोडले. मनातल्या मनात म्हणालो, माझे पोट बरे कर, मी रोज माझ्या हाताने तुला शेंदूर लावीन, आणि विठ्ठलची मुंज झाली की पुढे तो लावील. विठ्ठल माझा एकुलता एक मुलगा, आठवे चालू आहे. त्याला यात ओढायचे माझ्या मनात नव्हते. पण घाबरलेला माणूस हातात असेल ते देऊन बसतो.

२२ जानेवारी

चार दिवस पोटात कळ नाही! मारुतीराया, तुझी लीला.

रोज स्नान झाले की शेंदराचा डबा घेऊन जातो. धाकूने ठाण्याच्या बाजारातून अस्सल शेंदूर आणला, डबा एवढा जड की उचलताना हात खाली येतो. तेलात कालवून तळव्याने देवाच्या सर्वांगाला चोळतो. बोटे, नखे, मनगट, सगळे भगवे होते. मग देवाच्या अंगावरून ओघळलेले तेल बेंबीला लावतो आणि एक बोट जिभेवर घेतो. आगऱ्यांतल्या एका म्हाताऱ्याने तसे सांगितले. तेल किंचित गोड लागते. साधे तेल गोड लागेल का कधी?

आता वेळच्या वेळी तिवरांत जातो, कारण देवाला जायचे तर आधी मोकळे व्हायला हवे. लाज सोडली. एरंडेलही चालू आहे, ते आपले वैद्यबुवांच्या समाधानासाठी.

आज जेवायला बसलो तर कुटुंब म्हणाली, "अहो, हात धुतलेत का?"

"धुतले."

"नखांत आहे अजून."

"देवाचा शेंदूर आहे, गटारातला चिखल नव्हे," मी म्हणालो. तिने भात वाढला.

२९ जानेवारी

पहाटे चंद्राला ग्रहण लागले होते. चंद्र तांब्याच्या भांड्यासारखा झाला. कुटुंब विठ्ठलला पदराखाली घेऊन बसली होती. मी म्हणालो, आपल्याला काय भीती, आपला देव समोर आहे. बोललो खरा, पण ग्रहण सुटेपर्यंत माझेही हात थंड पडले होते.

११ फेब्रुवारी

पोट पुन्हा दुखू लागले आहे. पण हे दुखणे पहिले नव्हे. पूर्वी परसाकडे जाऊन आल्यावर कळ येई आणि जाई. आता तीन-तीन दिवस होतच नाही. एरंडेल दुप्पट घेऊन शेवटी गेलो की शेळीच्या लेंड्यांसारखे खडे पडतात, आणि मग बेंबीपाशी कोणी आतडी पिळून वाळत घालतो आहे असे वाटते. पालथे पडून पोटाखाली वरवंटा घेतला तर बरे वाटते. दुखत्या पोटाला दाबून बरे वाटावे, हे कसले दुखणे? वडीलही उशी घेऊन पालथे पडत, हे मला आज आठवले. आठवले नसते तर बरे झाले असते.

मारुतीच्या सेवेत माझे काय चुकले?

२० फेब्रुवारी

मांजरीचे पिल्लू मेले. शेंदूर कालवायची वाटी मी चुलीपाशी ठेवतो, तेलाच्या वासाने ते रोज ती चाटत असे. काल झटके येऊन पडले, आज सकाळी गार. विठ्ठल रडरड रडला. कुटुंब वाटी हातात घेऊन कितीतरी वेळ बसली होती. मी म्हटले, घरात मृत्यू शिरला आहे, पहिला पिल्लावर गेला, आता कोणावर? असे बोलायला नको होते. ती वाटी तिने राखेने घासून माळ्यावर टाकली, आणि "शेंदूर कालवायचा तर देवापाशीच कालवा, घरात नको," म्हणाली. एवढ्या ठामपणे ती माझ्याशी कधी बोलत नाही.

४ मार्च

ठाण्याच्या दवाखान्यात गेलो. होडीने तिघेही. कुटुंब आणि विठ्ठल बाहेर पडवीत, दाराशीच बसली.

दाक्तर माझ्याच वयाचा असेल. पोट दाबले. मग ओठ वर करून हिरड्या पाहिल्या आणि एकदम सरसावून बसला. दातांच्या मुळाशी शाईसारखी निळी रेघ आहे म्हणाला. मी म्हटले, कारकून माणूस, टाक तोंडात धरायची सवय. तो हसला नाही.

"रंगाचे काम करता का?"

"नाही, मीठखात्यात आहे."

"छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवता? घरात शिशाचे नळ आहेत?"

"घरात नळच नाही, साहेब."

"हाताला कुठला रंग लागतो का? नीट आठवा."

"शाईखेरीज काही नाही."

त्याने कपाळ चोळले. म्हणाला, "तुमच्या पोटात कुठून तरी शिसे जाते आहे. कुठून ते शोधा आणि बंद करा, नाहीतर माझी औषधे कुचकामाची." मग विलायती जुलाबाचे मीठ दिले आणि अफूच्या अर्काचे थेंब. मिठाच्या कारकुनाला मिठाचाच उतारा!

शिसे म्हणजे बंदुकीच्या गोळीचे. मी उभ्या जन्मात बंदूक धरलेली नाही. होडीत विचार करता करता डोक्यात प्रकाश पडला. कोळ्यांच्या जाळ्याला शिशाच्या गोळ्या असतात! मासळी त्याच जाळ्यातून येते. आजपासून मासे बंद. आमच्या घरात हे सोपे नाही, पण जिवापुढे बोंबील काय आणि सुरमई काय.

कुटुंबाने मध्येच विचारले, "दाक्तर रंगाचं काय म्हणत होते?"

"मला रंगारी समजला, मूर्ख."

ठाण्यास जायचे म्हणून घासून काढलेल्या माझ्या नखांकडे ती बघत राहिली.

९ मार्च

जुलाबाने उतार पडला. दोन दिवस बरे गेले. मासे सोडल्याचा गुण. आज पुन्हा कळ.

२९ मार्च, कल्याण

मेहुणीच्या लग्नासाठी सासुरवाडीस आलो, आणि होळीसाठी कुटुंबाने आग्रह करून ठेवून घेतले. रजा मिळाली. पंधरा दिवस होत आले. आणि आनंदाची गोष्ट म्हणजे पोट दुखत नाही! रोज सकाळी साफ होते, नंतर काही नाही, उठतो आणि चहा पितो. काल पुरणपोळ्या खाल्ल्या. सासूबाईंनी आग्रह केला म्हणून मासेसुद्धा चाखले. काही झाले नाही.

"इथंच राहू या," कुटुंब म्हणाली. "बदली मागा."

"बदली मागून मिळते होय? आणि देवाची सेवा?"

"देव इथंही आहे."

बायकांना नवसाचे गांभीर्य कळत नाही. देवाला मी किती दिवस पारोसा ठेवला आहे, या विचाराने मला रात्री झोप येत नाही. तो वाट पाहत असेल. बरे करून तो माझी परीक्षा पाहत असेल.

३ एप्रिल

आलो तेव्हा मारुतीच्या छातीवरचा शेंदूर वाळून त्याला भेग पडली होती. नाक घासून क्षमा मागितली. आता सकाळ-संध्याकाळ दोनदा लावतो, आणि तेल एका बोटाऐवजी चमचाभर घेतो.

९ एप्रिल

कळ परत आली. आली म्हणजे अशी की चौकीत तागडीपाशीच लोळलो. धाकूने आणि आणखी दोघांनी उचलून घरी आणले. एवढी सेवा करून हा कोप? कल्याणास राहिलो त्याचीच ही शिक्षा आहे. मला मरायचे नाही. मारुतीराया, मला मरायचे नाही. मुलाच्या कानात गायत्री सांगायला तरी मला ठेव.

१५ एप्रिल

हे अक्षर माझे आहे यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. उजवा हात मनगटातून खाली पडतो. बोटे मिटतात, पण पंजा वर उचलता येत नाही. डाव्या हाताने उजवा धरून लिहितो आहे. साहेबाने नोंदी पाहून विचारले, हे कोणी लिहिले? कारकुनाचा हात गेला म्हणजे कारकून गेला.

शेंदूर लावताना हात घसरतो. मुंज वैशाखात. त्यानंतर विठ्ठल लावील. आज त्याला देवापाशी नेऊन बघायला बसवले. गोड पोर, बोटाला लागलेले चाटून पाहिले आणि म्हणाला, "बाबा, गूळ घातलाय का यात?"

घरी सांगितले तेव्हा कुटुंबाच्या हातातला तांब्या पडला.

१८ एप्रिल

सखुबाई ताक घेऊन आली होती. मी आतल्या खोलीत पडलो होतो, ती आणि कुटुंब मागच्या दारी बसल्या होत्या.

"आमच्या ह्यांचे हात पन असेच लोंबले होते, कमळाबाय," सखुबाई सांगत होती. "आधी पोट, मग हात. जत्रा आली का जास्त व्हायचा. मी बोलायची, देवाचा हात लागलाय."

"आणि तुम्हाला कधी काही झालं नाही?"

"मना कशाला होईल? मी कुठं शिवत होती देवाला?"

गणू गुरवाला जे झाले तेच मला होते आहे. तो आषाढात गेला.

२६ एप्रिल

हनुमानजयंती. सूर्योदयाला जन्मकाळ. कसाबसा गेलो, दोन्ही हातांनी माखले, ओघळले ते प्यालो. परत येताना बांधावर बसलो तो उठवेना.

शोधायला आलेल्या कुटुंबाने तिथेच माझे पाय धरले. लग्न झाल्यापासून असे कधी केले नव्हते.

"अहो, विठ्ठलला नको. एवढं ऐका."

"देवाला बोललो आहे मी."

"मग मीही बोलते देवाला. माझं काय वाईट व्हायचं ते होऊ दे."

"तू त्याला शिवायचंसुद्धा नाहीस. आधीच काय कमी कोप आहे?"

"शिवणार नाही," ती म्हणाली, आणि डोळे पुसून उठली.

३० एप्रिल

आज जीव गेलाच होता. दुपारी मोरीवर गेलो तर पाणी लाल. मला वाटले माझेच रक्त. ओरडलो. कुटुंब धावत आली, तिचे हात ओले होते. म्हणाली, कुंकवाचा करंडा सांडला, धुऊन काढत होते. एवढे कुंकू? पण तिचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा झाला होता.

डबा संपला होता. धाकू काल नवा शेंदूर देऊन गेला, तो भरलास का, म्हणून तिला विचारले. म्हणाली, हो, भरून ठेवलाय.

८ मे

काय समजावे कळत नाही. ओघळलेले तेल आता गोड लागत नाही, मातकट लागते. रंगही मंद आहे, विटेसारखा. पहिल्या दिवशी जीव घाबरा झाला, देवाने प्रसाद काढून घेतला असे वाटले. पण कळ कमी आहे. काल आपोआप झाले, एरंडेलाशिवाय. नंतर थोडे दुखले, वरवंटा लागला नाही.

आणि एक चमत्कार. डबा हलका लागतो. हातात बळ नाही, तरी हलका! देवानेच माझा भार उचलला. कुटुंबाला हे सांगितले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पदराने डोळे पुसत होती. भाविक आहे बिचारी.

ती हल्ली रोज गरम पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी असते. हात धुतल्याखेरीज उंबरा ओलांडू देत नाही. मीही वाद घालत नाही.

२२ मे

काल कल्याणास विठ्ठलची मुंज झाली. मी उपरण्याखाली घेऊन त्याच्या कानात मंत्र सांगितला. माझा आवाज फुटत नव्हता. पोर घाबरून माझ्याकडे पाहू लागले, म्हणून तिसऱ्यांदा नीट सांगितला. मी जगलो. हे लिहिताना रडतो आहे, आणि अक्षर पहिल्यापेक्षा थोडे सरळ आहे. पंजा अर्धा उचलता येतो.

२७ मे

विठ्ठलने सेवा सुरू केली. मी पायरीवर बसून सांगतो, तो चोळतो. नवस फिटत आला. पोट शांत आहे. तरी रोज सकाळी तिवरांतून परत येताना मी ओटीवर बसून वाट पाहतो, आता येईल, आता येईल. येत नाही. उठायची हिंमत मात्र होत नाही.

३ जून

हंगाम संपला. मिठाच्या राशी गवताने शाकारायचे काम चालू आहे, तागडी रिकामी होती. विठ्ठलने देवाकडून येताना खेळता खेळता शेंदराचा डबा पारड्यात ठेवला. पारडे हलल्यासारखे झाले आणि राहिले. मी रोज वजने करणारा माणूस. काठोकाठ भरलेला, शिशासारखा जड तो डबा पूर्वी ठेवला असता तर पारडे धाडकन जमिनीला लागले असते. शेंदूर कुठलाही असो, त्याचे वजन असे निम्म्याने कमी होत नाही.

झाकण काढले. चिमूट घेऊन बोटांत चोळली. गेरू. आमच्या तुळशीच्या कट्ट्याला देतात तो गेरू, वर रंग यावा म्हणून थोडे कुंकू.

पहिल्यांदा संताप आला. महिनाभर मी देवाला माती लावतो आहे! माझ्या मुलाने मुंजीनंतरची पहिली सेवा मातीने केली! मग एकेक आठवू लागले. मोरीतले लाल पाणी. माळ्यावर फेकलेली वाटी. बांधावर कुटुंब म्हणाली होती, शिवणार नाही. शिवली नाहीच ती. देवाला शिवली नाही.

दाक्तर विचारत होता, हाताला कुठला रंग लागतो का? मी नाही म्हणालो होतो. शेंदराला कोणी रंग म्हणते का? तो रंग हाच होता की काय, हे मला ठरवता येत नाही. ठरवायचीच भीती वाटते. तसे असेल तर देवाच्या अंगावरचे मला बाधले, आणि नसेल तर माझ्या बायकोने देवाला फसवले. दोन्हींतले कुठलेही तोंडाने उच्चारायची माझी छाती नाही.

एवढे मात्र खरे की मी मेलो नाही, आणि आषाढ जवळ आला आहे.

डबा झाकण लावून होता तिथे ठेवला. जेवताना तिच्याकडे पाहवले नाही.

५ जून

आज एकटाच देवापुढे जाऊन उभा राहिलो. म्हणालो, शिक्षा करायची तर मला कर, तिला काही करू नकोस, पोराला काही करू नकोस. मारुती विटेच्या रंगाचा, शांत बसलेला.

इतक्यात विठ्ठल डबा घेऊन आला आणि त्याच्या मागून धाकू. धाकूने देवाला निरखून पाहिले.

"रावसाहेब, देव मलूल दिसतोय नाय? मी आनलेला शेंदूर तर चांगला भडक होता."

विठ्ठल माझ्या तोंडाकडे बघू लागला. देवाच्या समोर, मुलाच्या समोर मी म्हणालो, "उन्हाने उडाला रे रंग. यंदा ऊन काय थोडं होतं?"

"ह्या खरा," धाकू म्हणाला आणि नमस्कार करून गेला.

घरी आलो. कुटुंब दारात तांब्या घेऊन उभी होती. मी हात पुढे केले, तिने पाणी घातले. विठ्ठलला जवळ ओढून त्याची नखे एकेक करून चोळली. ती बघत होती. मग खाली मान घालून म्हणाली, "डबा संपत आलाय. धाकूला सांगायचं का आणायला?"

"नको," मी म्हणालो. "तूच भरून ठेव."

तिच्या हातातले पाणी सांडले. मग आत जाऊन तिने पाने घेतली.